दाद ठेवायची की पुसायची?

माझा भाचा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. २००४ च्या डिसेंबरमध्ये तो सुटीवर सोलापूरला आला, तेव्हा आपासाठी शाल, पोरांसाठी चॉकलेटं आणि माझ्यासाठी दोन सीडी घेऊन आला. सीडींवर छापील काही नव्हतं. जाड पेनानं तारीख तेवढी लिहिलेली, ८ मे १९७७. दोन्हींवर तीच. मला वाटलं, चुकून एकच सीडी दोनदा आली. तर म्हणाला, ‘‘मामू, दोन्ही ऐका. एकाच रात्रीच्या, एकाच मैफलीच्या आहेत. मग सांगा, यातली कोणती ठेवाल?’’

मी ऐकल्या. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध बेताचाच. बी. ए.ला असताना वसतिगृहातल्या एका मुलाकडच्या काही कॅसेट कानावरून गेल्या होत्या, तेवढाच. पण फरक कळायला इंग्रजी लागत नव्हतं. पहिली सीडी धुतल्यासारखी स्वच्छ होती. प्रत्येक वाद्य वेगळं कळत होतं, गाणाऱ्याचा आवाज अगदी कानाशी येत होता. दुसरीत सगळं जरा लांबून ऐकू येत होतं. सभागृह घुमत होतं, माणसं ओरडत होती, एखादं गाणं ओळखू आलं की आरोळी उठत होती. मी म्हटलं, ‘‘ही दुसरी.’’ भाचा हसला. ‘‘वाटलंच होतं. तुम्ही मुशायऱ्यातली माणसं!’’

मग त्यानं सांगितलं की, या एका प्रश्नावर तिकडचे शौकीन वर्षानुवर्षं वाद घालत आलेत. आज त्या वादाबद्दलच बोलायचं आहे. दिसतो तितका तो परका नाही.

ज्यांची ती मैफल, त्या बँडचं नाव ‘ग्रेटफुल डेड’. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तो सुरू झाला. जेरी गार्सिया हा मुख्य गिटारवादक आणि गायक. सोबत बॉब वीअर, फिल लेश, बिल क्रॉइट्झमन आणि पुढे तालवाद्यांवर मिकी हार्ट. त्यांची बरीच गाणी लिहिणारा रॉबर्ट हंटर हा कवी बँडबरोबर रंगमंचावर वाजवत नसे. तरी १९९४ मध्ये बँडला रॉक संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं, तेव्हा बँडचा सदस्य म्हणून त्यालाही तो मान मिळाला. (आपल्याकडे गीतकाराचं नाव वेष्टनावर छापून आलं तरी पुष्कळ!) ९ ऑगस्ट १९९५ रोजी गार्सिया वारला आणि त्याच वर्षाअखेर उरलेल्यांनी बँड थांबवला. तीस वर्षांत त्यांचे दोन हजार तीनशेच्या आसपास कार्यक्रम झाले.

आता कोणी म्हणेल, एकाच बँडच्या इतक्या मैफली ऐकायच्या कशाला? गाणी तर तीच. पण ती तीच नसत, इथंच खरी मेख आहे. आज काय वाजवायचं, कोणत्या क्रमानं, हे आधी पक्कं ठरलेलं नसे. एका गाण्यातून न थांबता दुसऱ्यात शिरायचं, मधल्या मोकळ्या जागेत सुचेल तसं वाजवायचं, अशी त्यांची रीत. ‘डार्क स्टार’ हे त्यांचं गाणं १९६८ मध्ये लहान तबकडीवर आलं, तेव्हा तीन मिनिटांच्या आतलं होतं. पुढच्याच वर्षी मैफलींच्या ध्वनिमुद्रणातून निघालेल्या ‘लाइव्ह डेड’ या संचात ते २३ मिनिटांचं झालं, आणि पुढे काही रात्री चाळिशीच्याही पार गेलं. आपल्याकडे यमन एकदा ऐकलेला माणूस ‘यमन झाला, आता पुन्हा कशाला’ असं म्हणतो का? अमुक गावच्या मैफलीतला कसा होता आणि तमुक गावच्या मैफलीतला कसा, यावर तो चहा निवेपर्यंत बोलतो. तोच हा प्रकार.

या मैफलींचं ध्वनिमुद्रण दोन्ही बाजूंनी होत होतं. बँडच्या बाजूनं त्यांचा सुरुवातीचा ध्वनितंत्रज्ञ ऑस्ली स्टॅन्ली हा मिक्सरमधून एक वायर काढून टेपरेकॉर्डरला जोडून ठेवायचा. आज आवाज कसा बसला, उद्या काय सुधारायचं, हे त्याला ताडून बघायचं असे. विक्रीचा विचारही नव्हता. त्या टेपांना तो आपली ध्वनीची रोजनिशी म्हणे. दुसऱ्या बाजूनं टेप करणारे होते श्रोते, लपवूनछपवून माइक आत नेणारे. १९७१ मध्ये ब्रुकलिनमध्ये काही जणांनी टेपांची देवाणघेवाण करणारं मंडळच काढलं आणि १९७४ मध्ये त्यातून ‘रिलिक्स’ नावाचं नियतकालिक निघालं. या व्यवहाराचा नियम एकच, पैसे घ्यायचे नाहीत. तुमच्याकडे देण्यासारखी टेप नसेल, तर कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवा, समोरचा भरून पाठवील. प्रतीवरून प्रत काढली की खरखर वाढते, म्हणून आपली प्रत मुळापासून कितव्या पिढीची आहे, हे आधी सांगायचा शिष्टाचार होता. लग्न जमवताना घराणं विचारावं तसं!

बँडनं त्यांना अडवलं नाही. आमचं वाजवून झालं की मग ते त्यांचं, अशी गार्सियाची भूमिका होती. ऑक्टोबर १९८४ पासून तर अशा टेपवाल्यांसाठी सभागृहात मिक्सरच्या मागची जागा राखून ठेवली जाऊ लागली, तिकिटंही वेगळी. माइक लावलेल्या उंच काठ्यांचं तिथं रान उभं राहायचं.

माझ्या दोन सीडींतला फरक इथून आलेला. रंगमंचावरच्या प्रत्येक माइकची वायर मिक्सरकडे जाते. तिथं बसलेला माणूस कमीजास्त करून ते सगळं कर्ण्यांकडे सोडतो. तीच वायर टेपला जोडली की वाऱ्याचा, गर्दीचा, भिंतींचा स्पर्श न झालेला आवाज मिळतो. पण मिक्सरवाला सभागृहाला जे कमी पडतं तेवढंच वाढवत असतो. गिटारचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर रंगमंचावरच दणदणत असेल, तर मिक्सरमध्ये तो गिटार कमी ठेवतो. सभागृहात सगळं समतोल ऐकू येतं, टेपवर मात्र गाणारा मोठा आणि गिटार बापुडवाणी. शिवाय श्रोत्यांसमोर माइक नसतो. त्यामुळे पाच हजार माणसं त्या रात्रीतून जवळजवळ नाहीशी होतात. श्रोत्यानं केलेल्या टेपमध्ये याच्या उलट. एका खुर्चीवरून जे ऐकू आलं ते सगळं आहे, शेजाऱ्यासकट. हल्ली काही हौशी लोक दोन्ही टेपा जुळवून तिसरीच तयार करतात, तिला ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. हजार-दोन हजार मैफली ऐकलेली माणसं यावर हमरीतुमरीवर येतात. एक म्हणतो, संगीत ऐकायचं की गर्दी? दुसरा म्हणतो, गर्दी नको असेल तर स्टुडिओतली तबकडी ऐक.

मला यात काय पडलंय, असं तुम्ही विचाराल. मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ दोनदा, तीनदा म्हणतो. ऐकणारे ती उचलतात म्हणून म्हणतो. ‘फिर से’ अशी हाक येते, ‘मुकर्रर’ होतं, आणि त्या थांबण्यात दुसऱ्या ओळीची ओढ तयार होते. दाद हा शेराचाच भाग असतो. आमच्या घरात १९८३ च्या सुमाराची एका मुशायऱ्याची कॅसेट होती. अब्बांच्या एका दोस्तानं बाजेवर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. अब्बा शायर नव्हते, गिरणीत जॉबर होते. पण दाद देण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. पुढे आमच्यातल्या एकानं प्रेमानंच ती कॅसेट एका स्टुडिओत नेली, साफ करून घेतली आणि सगळ्या नातेवाइकांत सीडी वाटल्या. मी लावली. खरखर गेली होती, खोकला गेला होता, मधले आवाजही कापले होते. शेर एकामागून एक, पाढे म्हटल्यासारखे. अब्बांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी ती सीडी पुन्हा लावली नाही.

म्हणून भाच्याच्या सीडींची गोष्ट मला लागली.

त्या ८ मे १९७७ च्या रात्रीची कथाही ऐकण्यासारखी आहे. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे, तिथल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ही मैफल झाली. मे महिना असून त्या रात्री बर्फ पडला. मिक्सरच्या बाजूची टेप बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ बाईंनी केली होती. सभागृहासाठी जे मिश्रण चाललेलं असे, त्यावर त्या विसंबत नसत. टेपसाठी आवाजांचा मेळ त्या वेगळा बसवत. त्यामुळे त्यांच्या टेपांत गिटार बापुडवाणी होत नाही. बाई पुढे बँडपासून दुरावल्या, पैशांची ओढाताण झाली, सामान ठेवलेल्या भाड्याच्या गाळ्याचं भाडं थकलं. १९८६ मध्ये त्या गाळ्यातल्या सामानाचा लिलाव झाला. त्यात त्यांच्या शेकडो टेपा होत्या. त्या परक्या माणसांच्या हाती गेल्या. काही टेपा पुढे कित्येक वर्षं ओलीत, बुरशी खात पडल्या. काहींच्या प्रती मात्र लवकरच शौकिनांत फिरू लागल्या आणि ‘बेटी बोर्ड’ म्हणून नावारूपाला आल्या. बाईंच्या हाती त्यातलं काय लागलं, तर टेपांना मिळालेलं आपलं नाव.

कॉर्नेलची रात्र त्यांतलीच. ती इतक्या घरांत पोचली की बँडची सर्वांत उत्तम मैफल कोणती, या प्रश्नाचं ते ठरलेलं उत्तर होऊन बसलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत ती घेतल्याचं जाहीर केलं. गंमत अशी की, तोवर ही मैफल अधिकृतपणे कधी प्रकाशितच झालेली नव्हती! लिलावात गेलेल्या टेपा बऱ्याच वर्षांनी बँडच्या संग्रहाकडे परतल्या आणि चाळीस वर्षं पूर्ण होताना, मे २०१७ मध्ये, ती रीतसर बाजारात आली.

आणि मग वाद थांबला? छे. जुन्या जाणत्यांतले काही म्हणतात, त्या रात्री बँड चांगला वाजला, पण त्याहून चांगल्या रात्री पुष्कळ आहेत. दुसऱ्याच दिवशीची, ९ मेची बफेलोची मैफल सरस आहे, असं ठासून सांगणारे आहेत. त्यांचं म्हणणं, कॉर्नेल थोर ठरली ती टेप चांगली होती म्हणून आणि ती सगळ्यांना मिळाली म्हणून. मला यात तथ्य वाटतं. आपल्या बुजुर्ग गवयांबद्दलची आपली मतंसुद्धा, ज्या चार ध्वनिमुद्रिका हाताला लागल्या त्यांच्यावरच बेतलेली असतात. भाडं वेळेवर भरलं गेलं असतं, तर कॉर्नेलची टेप आणखी तीस वर्षं कपाटात राहिली असती आणि आज कदाचित बफेलोचं नाव लोक घेत असते.

बँडच्या स्वतःच्या संग्रहाचं दार उघडलं ते डिक लॅटव्हाला या माणसानं. तो मूळचा यांच्यातलाच, हवाई बेटांवर राहून टपालानं टेपा जमवणारा वेडा शौकीन. १९८५ मध्ये बँडनं त्याला आपल्या टेपांचा अधिकृत रखवालदार केलं. चाहत्याच्या हाती तिजोरीची किल्ली! १९९३ पासून त्याच्या निवडीच्या मैफली ‘डिक्स पिक्स’ या मालिकेत निघू लागल्या. त्या दोनच ट्रॅकच्या टेपांवरून घेतलेल्या होत्या, म्हणजे गिटार कमी वाटली तरी नंतर वाढवण्याची सोय नाही. वेष्टनावर चक्क इशारा असे की, जुनी टेप आहे, दोष असतील, समजून-उमजून घ्या. आपल्या मालाची खोट स्वतःहून छापणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही. लॅटव्हाला १९९९ मध्ये वारला. मालिका २००५ पर्यंत, ३६ भागांपर्यंत चालली.

पुढे ‘रोड ट्रिप्स’ नावाची मालिका आली. तिच्या पहिल्या भागांत वेगवेगळ्या रात्रींतले निवडक तुकडे जोडलेले होते. शौकीन बिथरले. आम्हाला तुकडे नकोत, रात्र हवी, असं त्यांचं म्हणणं. फसलेलं गाणं, विसरलेले शब्द, वाद्य जुळवायला लागलेला वेळ, सगळं हवं. बँडनं १९७२ च्या युरोप दौऱ्यानंतर तीन तबकड्यांचा जो संच काढला होता, त्यात गायनातले आवाज मागाहून स्टुडिओत पुन्हा भरले होते, हे त्यांच्या अजून लक्षात आहे. २०११ मध्ये त्या दौऱ्याच्या सगळ्या २२ मैफली ७३ सीडींच्या एका पेटीत आल्या. ७,२०० पेट्या काढल्या होत्या, चार दिवसांच्या आत संपल्या. २०१२ पासून डेव्हिड लेमियू या संग्राहकाच्या निवडीची ‘डेव्ह्ज पिक्स’ ही मालिका सुरू झाली, वर्षाला चार भाग, शक्यतो अख्खी मैफल. पहिल्या भागाच्या १२,००० प्रती होत्या, पुढे हा आकडा २५,००० पर्यंत गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये या मालिकेच्या ४९ व्या भागाबरोबर एक विक्रम झाला. अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत पहिल्या चाळीसांत आलेले या बँडचे संच ५९ झाले. एल्व्हिस प्रेस्ली आणि फ्रँक सिनात्रा मागं पडले. त्यांतले बहुतेक संच बँड बंद झाल्यानंतरचे, जुन्या टेपांतून निघालेले.

‘डेव्ह्ज पिक्स’चा पहिला भाग २५ मे १९७७ चा, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातला. सभागृहाचं नाव ‘द मॉस्क’. भाच्यानं मुद्दाम फोन करून सांगितलं, ‘‘मामू, मशिदीत रॉक!’’ मी दचकलोच. पण ती मशीद नव्हे. श्रायनर नावाच्या एका बंधुमंडळानं १९२० च्या दशकात मिनार आणि कमानी लावून बांधलेलं ते नाट्यगृह आहे. नाव पुढे बदललं.

सगळ्याच रात्री बाहेर काढाव्यात का, हा दुसरा तंटा. सप्टेंबर १९७८ मध्ये बँड इजिप्तला गेला आणि गिझाच्या पिरॅमिडच्या पायथ्याशी तीन रात्री वाजला. तिसऱ्या रात्री चंद्रग्रहण होतं. हमजा अल्‌ दीन हा नूबियाचा ऊदवादक त्यांच्यासोबत होता. यावरून मोठा संच निघायचा होता, पण पियानो सुरात नव्हता, क्रॉइट्झमनचं मनगट मोडलेलं होतं, तो एका हातानं वाजवत होता. टेपा ठेवून दिल्या. निघाल्या त्या २००८ मध्ये. काहींना वाटलं, वादकांना जे पसंत पडलं नाही ते त्यांच्या माघारी का विकावं? हा आक्षेप मला साफ उडवून लावता येत नाही. मी स्वतः फाडलेल्या कविता कोणी चिकटवून छापल्या तर मला राग येईल. तरी हमजाच्या गाण्यावर नूबियन मंडळींनी धरलेला टाळ्यांचा ठेका आणि त्यात हळूहळू मिसळणारी गिटार ऐकली, की बरं झालं निघालं असं वाटतं. कवीचं मन असं दोन्हीकडून बोलतं.

खरा भडका उडाला तो नोव्हेंबर २००५ मध्ये. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ नावाच्या खुल्या ग्रंथालयात तोवर बँडच्या हजारो मैफली कोणालाही उतरवून घेता येत होत्या. बँडच्या वतीनं ते अचानक बंद करायला सांगण्यात आलं. चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, खरेदीवर बहिष्कार पुकारला. बँडमधल्यांतही एकमत नव्हतं. काही दिवसांत तोडगा निघाला. श्रोत्यांनी केलेल्या टेपा पूर्वीसारख्या खुशाल उतरवून घ्या, मिक्सरवरच्या टेपा मात्र तिथंच ऐका, नेऊ नका. व्यवहार म्हणून हा शहाणपणा असेल. पण पाहा, वाटणी कशी झाली! मिक्सरमधून गेलं ते बँडचं. खुर्चीवरून ऐकू आलं ते खुर्चीवरच्या माणसाचं. ज्या टेपेत दाद आहे, ती दाद देणाऱ्यांच्या वाट्याला गेली.

या टेपांतली एक तर थेट आपल्या माणसाची आहे. ऑस्ली स्टॅन्ली बँडबरोबरच इतरांच्या मैफलीही टेप करायचा. २९ मे १९७० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रकाठच्या ‘फॅमिली डॉग’ या रॉकच्या सभागृहात उस्ताद अली अकबर खाँ यांचं सरोदवादन झालं. सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य, तबल्यावर माहीमचा एकोणीस वर्षांचा मुलगा, झाकीर हुसेन. झाकीरभाईंनी पुढे मिकी हार्टबरोबर पुष्कळ काम केलं, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या रात्रीची टेप स्टॅन्लीच्या कपाटात पन्नास वर्षं होती. २०११ मध्ये स्टॅन्ली वारला, त्याच्या मागं राहिलेल्यांनी ती २०२० मध्ये प्रकाशित केली. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीरभाई गेले, त्या रात्री भाच्यानं तीच मला पाठवली. सोबत एक ओळही लिहिलेली नव्हती.

मीही मग इतकी वर्षं न केलेलं एक काम केलं. पेटीतली ती मुशायऱ्याची मूळ कॅसेट काढली. फीत शाबूत होती. पुढच्या खेपेला भाचा आला, तेव्हा त्याच्या हातात दिली आणि बजावलं, ‘‘जशी आहे तशी उतरव. काही पुसू नकोस, खोकलासुद्धा.’’ तिकडे गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. म्हणाला, ‘‘मामू, चौदाव्या मिनिटाला एकजण सगळ्यांच्या आधी ‘फिर से’ म्हणतो. तसा आवाज तिथं दुसऱ्या कोणाचा नाही. कोण आहे हो तो?’’

मी सांगितलं, ‘‘तुझे नाना.’’